पाना न लावता

माझा धंदा उघडण्याचा.
निवतीच्या जेटीमागे पत्र्याची शेड,
आत खाऱ्या वाऱ्याने खाल्लेली होड्यांची इंजिनं.
नट धरून बसला की रॉकेल ओततो,
रात्रभर मुरू देतो,
सकाळी पाना लावून जोर.
निघत नाही असं काही नसतं,
असं बावीस वर्षं म्हणत आलो.

दुर्वेश तेरा दिवसांचा होता.
गुणाबाय पाटावर पाय पसरून बसलेली,
पोर तिच्या पायांवर, तळव्यावर कोमट खोबरेल.
अर्ध्या गावाला तिनेच न्हाऊ घातलेलं.
म्हणाली, "हयची कातडी रोज इल्लीशी मागे सारूक होयी,
नायतर चिकटानच ऱ्हवतली."
प्रतीक्षाने माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली. पान्याचीच मान ती.
पोर असं किंचाळलं
की चुलीजवळचं मांजर परसात पळालं.

लसीच्या दिवशी सिस्टर फ्लोरीला विचारलं,
खाली बघत, आवाज बारीक करून.
ती चष्मा पुसत राहिली.
"चिकटलेलीच असता ती.
नख बोटाक असता तशी.
तू नख उपटतंस?"

मग धुवायचं कसं?
"भायरसून. साधा पाणी. बास.
आत साबण नको, डेटॉल नको,
कापसाची काडी तर नकोच नको.
जोर केलंस तर चिरतली,
आणि सुकताना आवळतली."

सुटणार कधी?
"कोणाची तिसऱ्यात, कोणाची दहाव्यात,
कोणाची मिसरूड फुटताना.
शेजाऱ्याच्या पोराशी ताडून बघू नको."

घरी येताना फणसाखाली थांबलो.
कच्च्याचा गरा चारखंडाला सोडत नाही,
सुरी मोडेल, हाताला चीक लागेल.
पिकलेल्याला कोण ओढतं?

दोन वर्षांचा असताना
शू करताना पुढे फुगा आला.
मी रात्रीच बाईक काढली.
डॉक्टर झोपेत: दुखतंय? ताप? धार येते?
नाही, नाही, येते.
"मग जा घरी. फुगतं कधी कधी."
एकदा पांढरे कण दिसले, मला वाटलं पू.
पू नव्हता, जुनी कातडी,
आपली वाट काढत बाहेर येणारी.
पण एकदा खरंच लाल झालं, सुजलं,
पोर शू दाबून कोपऱ्यात बसलं.
त्या दिवशी वाट बघितली नाही.
मलम मिळालं. कोमट पाण्याच्या टपात बसवलं,
तिथेच त्याने शू केली,
आणि आम्ही दोघं हसलो, मोठ्यांदा,
लॉटरी लागल्यासारखे.

गुणाबायला मी सांगितलं नव्हतं. गावाने सांगितलं.
बरेच दिवस ती आमच्या दारावरून बोलत नव्हती.
मग तांडेलांच्या नातवाला न्हाऊ घालताना
प्रतीक्षाने पाहिलं:
तिचा हात पोटावरून खाली आला,
थांबला,
वरून नुसतं पाणी ओतलं.
टॉवेलात पोर गुंडाळताना म्हणाली,
"माझ्या हातान किती पोरां रडली असतीत गो."
कुणी उत्तर दिलं नाही. काय द्यायचं?

आता दुर्वेश नऊचा.
न्हाणीचं दार आतून लावतो,
कडी नीट बसत नाही म्हणून बादली टेकवतो.
परवा आतून म्हणाला,
"बाबा, आता आपसूक मागे सरता.
दुखणा नाय."
मी बाहेर, खांद्यावर त्याचा टॉवेल.
"पाणी घाल.
आणि परत पुढे आण हां, विसरू नको."
"साबण?"
"तिथे नको."
बराच वेळ नुसता तांब्याचा आवाज.

दार तसंच अर्धवट टेकलेलं.
माझ्या हाताला सवय असते अशी दारं लोटायची.
हात टॉवेलात गुंडाळला.
"बाबा," तो ओरडला, "पाणी थंड झाला!"